तारखेशी बांधलेली आशा

वाचकाचे पत्र, थोडक्यात: "माझे पती जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक आहेत, वय ५३. फेब्रुवारीत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. फिजिओथेरपी चालू आहे. आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात. आपण बोललेले त्यांना बहुतेक समजते, पण 'हो', 'अगं', 'ते ते' यांपलीकडे शब्द निघत नाही. गणपतीत मात्र त्यांनी आमच्याबरोबर सगळी आरती म्हटली, शब्दन् शब्द. आम्ही सगळे रडलो. सासूबाई म्हणाल्या, दिवाळीपर्यंत हा पूर्वीसारखा बोलेल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पाणी मागता येईना. डॉक्टर म्हणतात, सहा महिने उलटले, आता फार अपेक्षा ठेवू नका. धाकटे दीर म्हणतात, साडेचार लाखांत स्टेम सेलचे इंजेक्शन मिळते, अर्धा एकर विकू. शाळेतले सहकारी म्हणतात, स्वेच्छानिवृत्ती घ्या आणि दिव्यांग प्रमाणपत्र काढून ठेवा. लेक पुण्याला शिकते. ती म्हणते, आई, बाबांना खोटी आशा दाखवू नकोस. आशा सोडावी तर पाप केल्यासारखे वाटते आणि ठेवावी तर रोज संध्याकाळी फसल्यासारखे वाटते. मी काय करू?" — एक वाचक, सातारा जिल्हा

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात सासूबाई, डॉक्टर, दीर, सहकारी आणि लेक असे सगळे बोलतात, आणि तुमचा स्वतःचा प्रश्न अगदी शेवटच्या दोन ओळींत येतो. मला उत्तराची सुरुवातही त्याच ओळींत दिसते. तुमच्या आशेला प्रत्येकाने आपापली मुदत घातली आहे. सासूबाईंनी दिवाळीची घातली, डॉक्टरांनी सहा महिन्यांची घातली आणि ती संपल्याचेही सांगून टाकले, तर भाऊजींनी एका इंजेक्शनाची. मुदत घातलेली आशा कर्जासारखी रोज थोडी थोडी थकत जाते आणि संध्याकाळी त्याचा हिशेब तुमच्या एकटीच्या मनात होतो. तुम्हाला थकवा आला आहे तो या हिशेबाचा. तेव्हा आशा ठेवावी की सोडावी हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू आणि कशाची आशा धरणे रास्त आहे ते आधी पाहू.

आरतीपासून सुरुवात करतो, कारण मनाला सर्वांत मोठा हिसका तिथेच बसलेला दिसतो. बहुतेक माणसांमध्ये भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या भागात असतात आणि शरीराच्या उजव्या बाजूच्या हालचालीही तोच भाग चालवतो, म्हणून उजवे अंग आणि वाचा यांच्यावर एकाच वेळी घाला पडला. भाषेच्या या विकाराला वाचाघात म्हणतात. त्यात माणसाची ओळख, आठवणी, आवडीनिवडी आणि बरे-वाईट कळण्याची बुद्धी बहुधा शाबूत असते. मोडते ते शब्द शोधून त्यांचे वाक्य जुळवण्याचे काम. लहानपणापासून हजारदा म्हटलेली आरती, पाढे किंवा वारांची नावे म्हणताना शब्द शोधावे लागत नाहीत. एक ओळ पुढच्या ओळीला ओढून आणते, आणि चाल सांभाळण्यात मेंदूचा उजवा, न दुखावलेला भागही मोठा वाटा उचलतो. त्यामुळे पूर्ण आरती म्हणणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी 'पाणी' हा शब्द न सापडणे, हे वाचाघाताच्या कितीतरी रुग्णांत दिसते. त्या रात्री गुरुजींना जे येत होते ते दुसऱ्या दिवशी सकाळीही येत होते. रात्री चमत्कार झाला नाही आणि सकाळी कोणी तो हिरावूनही नेला नाही.

मात्र ही गोष्ट निरुपयोगी मुळीच नाही. १९७३ साली अमेरिकेतील बॉस्टन येथील तज्ज्ञांनी नेमक्या याच निरीक्षणावरून एक उपचारपद्धती मांडली. रोजच्या गरजेचे एखादे छोटे वाक्य चालीवर म्हणायचे, अक्षरागणिक डाव्या हाताने ठेका धरायचा, आणि ते जमू लागले की चाल हळूहळू काढून घेत वाक्य साध्या बोलण्याकडे आणायचे, अशी तिची रीत आहे. ती सर्वांना लागू पडत नाही. ज्यांना दुसऱ्याचे बोलणे चांगले समजते पण स्वतःचे शब्द अडतात, त्यांना ती अधिक उपयोगी ठरते. तुमच्या वर्णनावरून गुरुजी त्यांत बसतील असे वाटते, पण तो निर्णय वाचा-उपचारतज्ज्ञाने, म्हणजे स्पीच थेरपिस्टने, तपासून घ्यायचा आहे. आणि इथे मला तुमच्या पत्रातली एक मोठी उणीव दिसली. फिजिओथेरपीचा उल्लेख आहे, स्पीच थेरपीचा कुठेही नाही. पायाला व्यायाम मिळाला म्हणून पाय अंगणापर्यंत पोहोचला. वाचेला तसा व्यायाम अजून मिळालाच नसेल, तर ती परत येणार नाही असा निकाल कोणी कशाच्या आधारावर द्यावा? जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. मुंबईला वांद्रे येथे वाक् व श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. एकदा तिथे जाऊन सविस्तर तपासणी करून आणावी आणि पुढचा सराव घरी किंवा जवळच्या तज्ज्ञाकडे चालू ठेवावा, असेही करता येईल.

डॉक्टरांवर रागावू नका. पक्षाघातानंतर सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते आणि सहा महिन्यांनंतर वेग मंदावतो, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण वेग मंदावणे आणि वाट संपणे यांत अंतर आहे, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ते अंतर समजावून सांगायला वेळ मिळत नाही. २०१७ साली जर्मनीतील संशोधकांनी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात झटक्याला सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लोटलेले, वाचाघाताचे दीडशेहून अधिक रुग्ण होते. त्यांना किमान तीन आठवडे, आठवड्याला किमान १० तास सराव दिला, तेव्हा रोजच्या व्यवहारातील त्यांचे बोलणे मोजता येईल इतके सुधारले. पूर्ववत झाले असे कोणी म्हटलेले नाही. परंतु आठवड्याला १० तास हा आकडा मनात धरून ठेवा, कारण रास्त आशेला जो खुराक लागतो तो असा दिसतो.

आता दिवाळीविषयी. व्हिएतनामच्या युद्धात जेम्स स्टॉकडेल नावाचा अमेरिकी वैमानिक सप्टेंबर १९६५ मध्ये पकडला गेला आणि १९७३ च्या फेब्रुवारीत सुटला. मधली सात वर्षांहून अधिक वर्षे त्याने हनोईच्या तुरुंगात छळ सोसत काढली. तिथे कोण खचले असे त्याला पुढे विचारले असता त्याने जे सांगितले, त्याचा आशय असा होता की, नाताळपर्यंत सुटू, मग ईस्टरपर्यंत सुटू, मग पुन्हा नाताळपर्यंत, असे म्हणणारे लोक प्रत्येक सणागणिक मोडत गेले. शेवटी आपण तरून जाऊ हा विश्वास त्याने स्वतः कधी सोडला नाही, पण आजची परिस्थिती नेमकी किती वाईट आहे याकडे डोळेझाकही केली नाही. ही गोष्ट व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत इतकी वापरली गेली आहे की सांगताना थोडा संकोच होतो. पण त्या व्याख्यानांत त्याच्या पत्नीविषयी सहसा कोणी बोलत नाही, आणि तुमच्यासाठी महत्त्वाची ती आहे. सिबिल स्टॉकडेल चार मुलगे घेऊन कॅलिफोर्नियात राहत होती. पती कधी येईल, येईल की नाही, हे सांगणारे कोणी नव्हते, आणि सरकारचा सल्ला एवढाच होता की कैद्यांच्या कुटुंबांनी गप्प राहावे. तिने इतर कैद्यांच्या व बेपत्ता सैनिकांच्या बायकांना एकत्र केले, १९६८ साली मौन मोडले आणि त्या कुटुंबांची संघटना उभी करून वॉशिंग्टनला त्यांची दखल घ्यायला लावली. पती येण्याची तारीख तिच्या हातात नव्हती, म्हणून जे हातात होते ते तिने धरले.

आशेचा अभ्यास करणारे कॅन्सस विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी १९९०च्या दशकात जे मांडले, ते याच्याशी जुळते. त्यांच्या मते आशा ही नुसती भावना नसून विचार करण्याची एक रीत आहे. माणसासमोर गाठण्याजोगे काहीतरी असावे लागते, तिथे जाण्याच्या एकाहून अधिक वाटा त्याला दिसाव्या लागतात, आणि त्या वाटेने चालण्याची उमेद अंगात असावी लागते. यांतले एक जरी गेले तरी उरलेली दोन लंगडी पडतात. तुमच्या घरात उमेद भरपूर आहे. सासूबाईंचीच कितीतरी आहे. समोर ठेवलेली गोष्ट मात्र एकच, तीही अवाढव्य, आणि तिच्याकडे जाणारी वाट कोणालाच दिसत नाही. 'पूर्वीसारखे बोलणे' याकडे आज सकाळी उठून काय करावे हे कळत नाही. 'पाणी, चहा, दुखते, नको आणि लेकीचे नाव, हे पाच शब्द किंवा त्यांच्या खुणा' याकडे काय करावे ते कळते. कठीण काळात आशा लागते ती एवढ्याचसाठी, की ती नसेल तर माणूस सकाळचा सराव करत नाही, गोळी चुकवतो, पाय उचलत नाही, आणि मग जे होऊ शकले असते तेही होत नाही.

म्हणून घरात काय बदलावे ते सांगतो. आलेल्या पाहुण्यांसमोर 'ह्यांना ओळखलं का, नाव सांगा बघू' ही परीक्षा आजपासून बंद करा. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारले त्या माणसाला पहिलीच्या वर्गात उभे करण्यासारखे ते आहे, आणि त्यातून सराव होत नाही, फक्त शरम वाढते. शाळेतली चित्रकार्डे वापरण्याचा मोह होईल. त्याऐवजी घरातल्या वस्तूंचे, माणसांचे, औषधांचे, त्यांच्या मित्रांचे फोटो काढून एक छोटी वही करा आणि ती त्यांच्या डाव्या हाताशी ठेवा. बोट दाखवणे, मान हलवणे, डाव्या हाताने पाटीवर रेघ ओढणे, हे सगळे बोलणेच आहे असे घरात ठरवून टाका. बोटाने पाणी मागितले तर पाणी द्या, शब्दासाठी अडवून धरू नका. बोलताना टीव्ही बंद ठेवा, एका वेळी एकच गोष्ट छोट्या वाक्यात विचारा आणि मग थांबा. हे थांबणे फार अवघड असते. आपण पाच क्षणांत शब्द पुरवून मोकळे होतो आणि त्यांना तो शोधायला कदाचित तीस क्षण लागणार असतात. आरती मात्र रोज म्हणा, परीक्षा म्हणून नव्हे, तर घरातला तेवढा एक आवाज अजून अख्खा आहे म्हणून.

याच जोडीला रक्तदाब आणि गोळ्या. एकदा झटका आलेल्या माणसाला तो पुन्हा येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि तो कमी करण्याचा मार्ग म्हणजे रोजचे औषध, रक्तदाब व साखरेची तपासणी आणि तंबाखू असेल तर ती सोडणे. हे काम अत्यंत कंटाळवाणे आहे आणि त्याचे यश कधी डोळ्यांना दिसत नाही, कारण काहीच न घडणे हेच ते यश असते.

भाऊजींच्या प्रस्तावावर माझे मत स्पष्ट आहे: जमीन विकू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्याकडे स्टेम सेलचा, म्हणजे शरीरातल्या निरनिराळ्या पेशी घडवू शकणाऱ्या मूलपेशींचा, नेहमीचा उपचार म्हणून वापर रक्ताच्या काही आजारांपुरता मान्य आहे. पक्षाघातासाठी तो मान्य उपचार नाही. इतर आजारांत तो केवळ मंजूर वैद्यकीय चाचणीत देता येतो, आणि अशा चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा साडेचार लाख मागणारा माणूस उपचार करत नसून तुमच्या घरातल्या भावनेचा भाव लावत आहे. भाऊजींचा हेतू चांगला असेल यात मला शंका नाही. भावासाठी काहीतरी मोठे करावे असे त्यांना वाटते आणि करण्याजोगे काही दिसत नाही. त्यांना काम द्या. तपासणीसाठी मुंबईला न्यायचे, दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी तज्ज्ञाकडे गाडीने नेऊन आणायचे, ही जबाबदारी त्यांची. त्यात अर्ध्या एकराइतका त्याग दिसणार नाही, पण भावाला त्याचा उपयोग होईल.

स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर घाईने अंगठा किंवा सही होऊ देऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेला नोकरीवरून काढता येत नाही किंवा त्याचे पद खाली आणता येत नाही. तो आपले काम करू शकत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच लाभांसह दुसऱ्या पदावर घ्यावे लागते. तसे पद नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचे वय होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत, अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त त्याच्यासाठी निर्माण केलेल्या जादा पदावर ठेवावे लागते. स्थानिक प्राधिकरणेही या कायद्याच्या व्याख्येत येतात, म्हणजे जिल्हा परिषदही. गुरुजींच्या नोकरीची अजून काही वर्षे शिल्लक आहेत. त्या पगारावर, आणि पुढच्या निवृत्तिवेतनावर, उपचारही चालायचे आहेत आणि लेकीचे शिक्षणही. गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, त्यात या कलमाचा उल्लेख करा आणि पोच घ्या.

दिव्यांग प्रमाणपत्राविषयी तुम्ही फक्त सहकाऱ्यांचे वाक्य लिहिले आहे, पुढे काहीच नाही. मला वाटते, तो कागद काढणे म्हणजे 'आता हे असेच राहणार' यावर सही करणे, अशी भीती त्यामागे असावी. याच कायद्यात वाचाघातामुळे आलेले कायमचे वाणी व भाषा दिव्यांगत्व नावानिशी नोंदलेले आहे आणि त्या नोंदीचा उपयोग संरक्षण मिळवण्यासाठी आहे. प्रमाणपत्रासाठी कधी अर्ज करता येईल ते जिल्हा रुग्णालयात विचारा. ते कपाटात ठेवून सकाळचा सराव करता येतो. कागदाला मेंदूतले काही कळत नाही. आजची परिस्थिती मान्य करायची आणि विश्वासही सोडायचा नाही, स्टॉकडेलने जे साधले ते हेच होते, पण मला तुमच्याकडून त्याच्याइतक्या धैर्याची अपेक्षा नाही. अर्ज लिहिताना रडू आले तर रडा आणि अर्ज पूर्ण करा.

आता लेक. 'खोटी आशा दाखवू नकोस' हे ती तुम्हाला सांगते आहे, पण मला त्यात तिचीच भीती ऐकू येते. ज्या बाबांचा फोन रोज यायचा तो सात महिने आलेला नाही. माणूस समोर बसलेला आहे आणि तरीही त्याच्यातले काहीतरी गेले आहे, अशा दुःखाला आपल्याकडे सुतक नाही, दहावा-तेरावा नाही, भेटायला येणाऱ्यांची रीत नाही. पॉलिन बॉस या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करून या अर्धवट गमावण्याकडे लक्ष वेधले, आणि पुढे स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरांतही तेच दुःख दाखवून दिले. ते दुःख करणे म्हणजे आशा सोडणे नव्हे. गुरुजींचा पूर्वीचा आवाज तुम्हा दोघींना आठवतो, त्याची हळहळ वाटते, हे एकमेकींना सांगा. त्यानंतर तिला व्हिडिओ कॉल करायला सांगा, आणि कॉलवर 'बोला ना बाबा' असे न म्हणता तिने स्वतःच्या दिवसाबद्दल बोलावे. त्यांनी फक्त ऐकले तरी चालेल.

सासूबाईंना दिवाळीबद्दल काही पटवून देऊ नका. त्यांचा मुलगा आहे तो. 'आई, दिवाळीत आरती आपण सगळे मिळून म्हणू' एवढे म्हणा, ते खरे ठरेल.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना आवर्जून विचारा. पक्षाघातानंतर साधारण तीन रुग्णांपैकी एकाला नैराश्य येते, आणि वाचा गेलेला माणूस ते सांगू शकत नाही. गुरुजी जेवण टाळत असतील, रात्री जागत असतील, व्यायामाला उठायला तयार नसतील, सारखे रडत असतील किंवा कोणाकडे पाहतच नसतील, तर त्याला हट्ट किंवा आळस म्हणू नका. त्यावर औषधोपचार आहेत, आणि त्यांचा परिणाम सरावावरही दिसतो. हाच प्रश्न तुमच्याबद्दलही आहे. पूर्ण पत्रात तुम्ही किती झोपता, काय खाता, कोणाशी बोलता याची एक ओळ नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलते. संध्याकाळचा तो फसल्याचा तास ज्या दिवशी फार जड जाईल, त्या दिवशी तिथे फोन करा, आणि जीव नकोसा वाटण्याचा विचार तुमच्या किंवा त्यांच्या मनात डोकावला तर एक दिवसही थांबू नका.

राहिले सहकारी. निवृत्तीचा सल्ला देणारी ही माणसे चांगली आहेत, फक्त भेटायला येताना काय बोलावे हे त्यांना कळत नसावे, म्हणून ती कागदपत्रांविषयी बोलतात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्यांच्यापैकी एकेकाने, घोळक्याने नव्हे, अर्धा तास येऊन बसावे असे सांगा. येताना मुलांच्या वह्यांचा एक गठ्ठा आणावा. बरोबर-चूक खूण डाव्या हाताने करता येते का ते पाहता येईल. कदाचित अक्षरे वाचणे जड जाईल आणि चित्रे किंवा गणिते जमतील, कदाचित उलटे असेल, आणि जे काही दिसेल ते वाचा-उपचारतज्ज्ञाला सांगण्यासारखे असेल. पहिल्या शनिवारी काहीच जमले नाही, तर चहा घेऊन त्यांनी शाळेतल्या गमती सांगाव्यात आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या गुरुजींनी यावे.